एटीपीसी चालू करण्याआधी बीयूसीचा हिशेब मांडा

सॅटेलाइट मॉडेमच्या मेनूत एटीपीसी (पावसात सिग्नल पडला की पाठवण्याची पॉवर आपोआप वाढवणारी सोय) चालू करणं हे मिनिटभराचं काम आहे. काही मॉडेममध्ये त्यालाच एयूपीसी म्हणतात. या कामात नव्याने आलेले बरेचजण मेनूपासूनच सुरुवात करतात. माझा आग्रह उलटा आहे: आधी कागद-पेन घ्या आणि बीयूसीमध्ये (मॉडेमचा सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीला नेऊन, पॉवर वाढवून अँटेनाला देणाऱ्या युनिटमध्ये) पॉवर खरोखर किती शिल्लक आहे ते काढा. शिल्लकच नसेल तर एटीपीसी वाढवणार काय?

तत्त्व सोपं आहे. आपण पाठवलेल्या कॅरिअरचं (सिग्नलचं) ईबी/एनओ, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत तो किती वर आहे ते, पलीकडचा मॉडेम मोजतो आणि तो आकडा स्वतःच्या डेटाबरोबर ओव्हरहेडमधून (सोबतच्या जादा बिट्समधून) परत पाठवतो. आपला मॉडेम तो टार्गेटशी ताडून पाहतो आणि पॉवर वाढवतो किंवा उतरवतो. त्यासाठी दोन्ही टोकांना ओव्हरहेड नेणारं एकाच प्रकारचं फ्रेमिंग लागतं. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटरवर असल्याने एका हॉपला साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे आपल्या हाती येणारा आकडा नेहमी थोडा शिळा असतो. म्हणून हे नियंत्रण मुद्दामच संथ ठेवलेलं असतं. पाऊस चढायला सेकंदांपासून मिनिटांपर्यंत वेळ घेतो, तेवढ्याला ते पुरतं. सिग्नलच्या बारीक थरथरीमागे त्याला धावायला लावू नका.

आता हिशेब. समजा बीयूसी 40 वॉटचा आहे, म्हणजे 46 डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डीबीत मोजलेली पॉवर). त्याची रेषीय मर्यादा, म्हणजे सिग्नल विकृत न करता देता येणारी पॉवर, 2 डीबी खाली धरली तर 44 डीबीएम, म्हणजे सुमारे 25 वॉट. स्वच्छ आकाशात लिंकला 8 वॉट लागतात, म्हणजे 39 डीबीएम. हातात राहिले 5 डीबी. मेनूत मात्र कमाल वाढ 9 डीबीपर्यंत ठेवता येते आणि 'असू दे जास्तीचं' म्हणून तीच ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. 39 अधिक 9 म्हणजे 48 डीबीएम, चाळीस वॉटच्या बीयूसीकडून 63 वॉटची मागणी. जोराच्या पावसात मॉडेमच्या डिस्प्लेवर पॉवरचा आकडा चढत राहतो, पण बीयूसी दबलेला असतो आणि अँटेनातून बाहेर पडणारी पॉवर जेमतेम हलते. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावला तर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना खांदे फुटलेले दिसतात, ते शेजारच्या कॅरिअरमध्ये घुसतात. शिवाय सिग्नल विकृत झाल्याने पलीकडचं ईबी/एनओ आणखी पडतं, आणि आपला मॉडेम ते पाहून अजून पॉवर मागतो. 16एपीएसकेसारख्या वरच्या मॉड्युलेशनला हे फार लवकर भोवतं. तेव्हा कमाल वाढ 5 च्या वर नेऊ नका, मी तर 4 ठेवीन. मॉडेमच्या स्वतःच्या आउटपुट रेंजमध्येही तेवढी जागा उरली आहे ना, हेही बघून घ्या.

लाइन-अपच्या, म्हणजे लिंक सुरुवातीला जुळवण्याच्या, वेळी एटीपीसी बंद हवा. उपग्रह कंपनीच्या एनओसीबरोबर (नेटवर्क नियंत्रण केंद्राबरोबर) क्रॉस-पोल तपासणी (आपला सिग्नल दुसऱ्या ध्रुवीकरणात गळत नाही ना ते पाहणं), मग कॅरिअरची ठरलेली पॉवर, हे सगळं हाताने आणि स्वच्छ आकाशात. त्या वेळची पॉवर हीच तुमची नॉमिनल. पावसात लाइन-अप केलं तर नॉमिनलच चढी बसते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

टार्गेट ठरवताना लोभ नको. स्वच्छ आकाशात पलीकडे 8.5 डीबी मिळत असेल आणि 6 च्या खाली चुका सुरू होत असतील, तर टार्गेट 8 च्या आसपास ठेवा. ते 9 ठेवलं तर कोरड्या दिवशीही मॉडेम पॉवर चढवून बसतो आणि पावसासाठी राखलेली शिल्लक आधीच खर्च होते.

नव्या माणसाच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे पाऊस नेमका कुठे पडतोय. तो आपल्याकडे असेल तर वाढवलेली पॉवर पाऊसच खातो, उपग्रहाला नेहमीइतकीच पोचते, कुणाचं काही बिघडत नाही. तो पलीकडे असेल तर फेड (सिग्नलची घट) डाउनलिंकमध्ये, उपग्रहाकडून खाली येणाऱ्या वाटेत, आहे. अशा वेळी आपण वाढवलेला प्रत्येक डीबी थेट ट्रान्सपॉन्डरवर (उपग्रहावरच्या, इतरांबरोबर वाटून घेतलेल्या रिपीटरवर) पोचतो, आपल्या वाट्यापेक्षा जास्त पॉवर आपण ओढतो. मॉडेमला हा फरक कळत नाही, त्याला फक्त पडलेलं ईबी/एनओ दिसतं. केयू बँडवर काम करताना किती डीबी वाढीची मुभा आहे हे एनओसीकडून आधी लेखी घ्या. आपल्या ठिकाणी बीकनची (उपग्रह स्वतः सतत पाठवत असलेल्या खुणेच्या सिग्नलची) पातळी दिसत असेल तर उत्तम: बीकन स्थिर आणि ईबी/एनओ खाली, म्हणजे बहुधा पाऊस पलीकडे.

पलीकडच्या डिमॉडला (सिग्नल उलगडणाऱ्या भागाला) सिग्नल पकडता येईना, म्हणजे तो अनलॉक झाला, तर काय करायचं, ही सेटिंग बहुतेक मॉडेममध्ये असते: नॉमिनलवर या किंवा कमालवर जा. मी नॉमिनल निवडतो. लॉक सुटण्याचं कारण पाऊसच असेल असं नाही. अँटेना हललेला असेल, किंवा मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या मागे आल्याने रिसीव्हरचा गोंगाट वाढला असेल. तिथे कमाल पॉवर लावून हाती काही लागत नाही, शेजाऱ्यांना त्रास तेवढा होतो.

चाचणी कोरड्या दिवशीच करा. ट्रान्समिट केबलमध्ये अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) घालून कृत्रिम फेड देण्याचा मोह होतो, पण मॉडेमपासून बीयूसीपर्यंतच्या याच एल-बँड केबलमधून अनेक ठिकाणी बीयूसीला डीसी पुरवठा आणि 10 मेगाहर्ट्झ रेफरन्सही जात असतो. तिथे साधा अ‍ॅटेन्युएटर घातला की पुरवठा तुटतो किंवा अ‍ॅटेन्युएटरच जळतो. डीसी पास करणारा अ‍ॅटेन्युएटर नसेल तर एनओसीला कळवून टार्गेट हलकेच चढवा, स्वच्छ आकाशातल्या आकड्याच्या 1 डीबी वर. पलीकडच्या माणसाला फोनवर ठेवा. आपली पॉवर 1 डीबी चढली आणि त्याचं ईबी/एनओही तेवढंच चढलं, तर लूप जुळला. पॉवर 1 ने चढली आणि तिकडे अर्धाच डीबी दिसला, तर बीयूसी दबायला लागलाय असं समजा आणि बॅक-ऑफचा (कमाल पॉवरच्या खाली राखलेल्या अंतराचा) हिशेब पुन्हा तपासा. मग टार्गेट परत खाली आणून पॉवर नॉमिनलवर उतरते का ते पाहा. हीच तपासणी दुसऱ्या टोकालाही करायची, कारण प्रत्येक टोकाचा लूप वेगळा असतो.

नॉमिनल, टार्गेट आणि कमाल वाढ, दोन्ही टोकांचे हे आकडे साइटच्या नोंदीत लिहून ठेवा. बीयूसी बदलला की गेन बदलतो, आणि जुनी नॉमिनल तशीच ठेवून एटीपीसी चालू करता येत नाही. लाइन-अप पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.