५० मीटर पोहणाऱ्यांनी जिम कधी करावी?

सांगलीतली बरीच मुलं कृष्णेत पोहायला शिकून मग टँकवर येतात. दम चांगला असतो, पण ५० मीटर फ्रीस्टाइलला झटक्याची ताकद लागते आणि ती नुसत्या लांब पोहण्याने येत नाही. मग कुणी जिम लावतं, कुणी तालमीत जातं. महिनाभरात खांदा धरतो, वेळही कमी होत नाही. नव्याने पोहायला लागलेल्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी मुलांना शिकवताना जे पटलं ते सांगतो.

वेगाचं पोहणं ताज्या अंगाने करा. १५ किंवा २५ मीटर जीव तोडून, मग दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, पुन्हा तेच. आधी स्क्वॅट्स मारून पाण्यात उतरलात तर हात जड पडतो आणि शरीराला तोच संथ हात सवयीचा होतो. म्हणून सकाळी वेगाचं पोहणं, त्याच दिवशी संध्याकाळी जड वजनं. दुसऱ्या दिवशी हलकं पोहणं, तंत्र, किक. बहुतेक जण उलट करतात: हलक्या दिवशी जिम करतात, मग आठवड्यात विसावा उरतच नाही. कॉलेजमुळे एकच वेळ मिळत असेल तर आधी पाणी, नंतर वजनं.

आता तालीम. आपल्याकडच्या तालमीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण जोर मारण्यात छाती आणि खांद्याचा पुढचा भागच जास्त राबतो. फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायमध्ये हात आत वळवणारे हेच स्नायू रोज राबत असतात. त्यांच्यावर आणखी शेकडो जोर चढवले की खांदे पुढे ओढले जातात आणि हात वर नेताना पुढच्या बाजूला टोचायला लागतं. त्यापेक्षा दोरीवर चढा, पुल-अप्स काढा, डंबेल पोटाकडे ओढा. रबर बँड घेऊन कोपर अंगाला लावून हात बाहेर फिरवायचा व्यायाम रोज करा. दिसायला किरकोळ आहे, पण खांदा वाचवतो. टोचायला लागलं तर सगळ्यात आधी पॅडल्स (पोहताना तळहाताला लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) बाजूला ठेवा. थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

बैठका मात्र बिनधास्त. ५० मीटरच्या टँकवर या शर्यतीत टर्न नसतो, त्यामुळे स्टार्ट आणि नंतरची पाण्याखालची किक (नियमाने १५ मीटरपर्यंतच) फार मोलाची. बैठका पक्क्या झाल्या की उड्या घ्या.

ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकएव्हॉयने पोहण्याचं अंतर खूप कमी करून ताकदीवर भर दिला आणि २०२४ मध्ये पॅरिसला २१.२५ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. हे ऐकून चौदा वर्षांचा मुलगा टँकमधलं पोहणं अर्धं करायला निघतो. मॅकएव्हॉयच्या मागे कित्येक वर्षांचं भरपूर पोहणं होतं. शेजारच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं, तेही लहानपणापासूनच्या पोहण्यावर. तेव्हा हाताची पाण्यावर पकड बसेपर्यंत शरीराच्या वजनाचेच व्यायाम पुरेत.

स्पर्धा जवळ आली की पायांचा शेवटचा जड व्यायाम साधारण दहा दिवस आधी संपवा. पुढे थोड्या उड्या, स्टार्ट आणि भरपूर विश्रांतीचे छोटे स्प्रिंट. त्या दिवसांत अंग हलकं वाटू लागलं की मुलांना वजनं उचलायची हुक्की येते. पालकांनी तेव्हा जिमला जाऊ देऊ नये.