कॉइलओव्हर घेण्याआधी चाकाला किती जागा आहे ते मोजा

इचलकरंजीला बाबांचं गॅरेज होतं. 'गाडी लई डोलतीया' असं गिऱ्हाईक म्हणालं की बाबा बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवून अंगाचा भार टाकायचे आणि एकदम सोडायचे. कोपरा वर येऊन एका झोक्यात थांबला तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा खालीवर झाला तर शॉकअप गेला. आता मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला राहते. दारात २०१६ ची माझदा एमएक्स-५ आहे, दोन लिटरची, १६० अश्वशक्तीची. दोन हजार युरोंच्या कॉइलओव्हरबद्दल, म्हणजे शॉकअपभोवती स्प्रिंग असलेल्या आणि उंची बदलता येणाऱ्या सस्पेन्शनच्या संचाबद्दल, कुणी विचारलं तरी मला आधी ते तळहातच आठवतात. स्प्रिंग जे साठवते ते शॉकअपला जिरवता आलं पाहिजे, आणि जिरवायला चाकाला वरखाली जायची जागा हवी. निवड या दोन गोष्टींवर करायची. जाहिरातीत मात्र रंग, शॉकअपच्या नॉबच्या क्लिकची संख्या आणि गाडी किती खाली बसते एवढंच दिसतं.

मी स्वतः २०२० मध्ये चुकीचा संच घेतला होता. पुढे १० किलोच्या आणि मागे ६ किलोच्या स्प्रिंगा होत्या. म्हणजे एक मिलिमीटर दाबायला तितके किलो लागतात. शॉकअप वर गाडीला जिथे जोडतात तिथले टॉप माउंट रबराऐवजी लोखंडी बॉलचे होते. मी कागदावर परवानगी होती तितकी, ४० मिमी, गाडी खाली घेतली. फोटोत फार देखणी दिसायची. मग एका रविवारी ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी ५०० या रस्त्यावर, बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जाताना, एका डाव्या वळणात डांबराचं ठिगळ आलं. वेग सत्तरच्या आसपास, रस्ता कोरडा. मागून 'टक्' असा एक कोरडा आवाज आला आणि गाडीचा मागचा भाग अर्धा टायर बाहेर सरकला. स्टिअरिंग आपोआप उलटं फिरवलं गेलं, गाडी सरळ झाली. पुढच्या पार्किंगमध्ये थांबले तेव्हा हात थरथरत होते.

घरी येऊन शॉकअपच्या दांड्यावर एक प्लास्टिकची झिप टाय घट्ट बांधली आणि शॉकअपच्या नळीला टेकवून ठेवली. शॉकअप दबला की नळी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहते, त्यामुळे चाक जास्तीत जास्त किती वर गेलं ते नंतर मोजता येतं. वीस किलोमीटर साध्या रस्त्यांवर फिरून आले तर मागची टाय थेट बंप स्टॉपला भिडलेली. बंप स्टॉप म्हणजे दांड्यावरचा तो फोमचा ठोकळा. गाडी उभी असताना त्याच्यात आणि नळीत जेमतेम २० मिमी अंतर होतं. वळणात बाहेरच्या बाजूवर आधीच भार असतो. त्यात ठिगळ आलं, शॉकअप ठोकळ्यावर आपटला आणि त्या कोपऱ्याचा कडकपणा क्षणात कितीतरी पट वाढला. टायरवर एकदम तेवढा भार आला आणि त्याची पकड सुटली. स्प्रिंग दहा किलोची की सहा किलोची, हा प्रश्न त्या क्षणी उरलाच नव्हता.

म्हणून कुठलाही संच बघताना विक्रेत्याला माझा पहिला प्रश्न असतो: मला हव्या त्या उंचीवर गाडी उभी असताना बंप स्टॉपपर्यंत किती मिलिमीटर उरतात? उत्तर येत नसेल तर मी पुढे बोलत नाही. उंची बदलायच्या दोन पद्धती आहेत हेही इथेच बघून घ्या. एका पद्धतीत स्प्रिंगखालची चाकी आट्यांवरून वरखाली फिरवायची. त्यात गाडी जितकी खाली घ्याल तितकी शॉकअपची वर जायची जागा कमी होते. दुसऱ्या पद्धतीत शॉकअपचं खालचं ब्रॅकेटही आट्यांवर फिरतं, त्यामुळे शॉकअपची हालचाल शाबूत ठेवून उंची बदलते. पण तेवढ्यावरून ती सरसकट चांगली ठरत नाही, कारण शॉकअपला जागा उरली तरी टायर मडगार्डच्या आत घासू शकतो. या दुसऱ्या प्रकारात लोक स्प्रिंग आवळून गाडी उचलायला बघतात आणि ती आता कडक झाली असं समजतात. साधी, एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग आधीच आवळून ठेवली म्हणून कडक होत नाही.

आता स्प्रिंगचा आकडा. मित्राच्या गाडीत आठ किलोची आहे म्हणून आपणही आठची घेऊ, असं करू नका. महत्त्व स्प्रिंगच्या आकड्याला नसून चाकापाशी किती कडकपणा पोचतो याला आहे. एमएक्स-५ ला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आडव्या आर्मनी धरलेलं असतं. स्प्रिंग चाकापासून आत, आर्मच्या मधे कुठेतरी बसते, त्यामुळे चाक २० मिमी उचललं तर शॉकअप तेवढा दबत नाही. हे घरी मोजता येतं. स्प्रिंग काढून शॉकअप एकटा बसवा, जॅकने चाक २० मिमी उचला आणि शॉकअप किती आखडला ते पट्टीने बघा. समजा १४ मिमी आलं. १४ भागिले २० म्हणजे ०.७, आणि त्याचा वर्ग ०.४९. स्प्रिंगच्या कडकपणाचा निम्माच भाग चाकाला मिळतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे जिथे शॉकअप थेट चाकाच्या हबलाच जोडलेला असतो तिथे, हाच आकडा एकच्या जवळ जातो. म्हणून या दोन प्रकारच्या गाड्यांच्या स्प्रिंगा एकमेकींशी ताडून बघण्यात अर्थ नाही. पुढचं आणि मागचं मापही वेगवेगळं घ्यायचं.

पुढचा हिशेब मी दुकानात शिरण्याआधी करायला हवा होता. माझी गाडी माझ्यासकट साधारण ११५० किलो, भार पुढेमागे जवळपास सारखा. एका कोपऱ्यावर २८७ किलो येतात. त्यातून चाक, ब्रेक, हब असं स्प्रिंगखालचं वजन वजा केलं की अंदाजे २५० किलो उरतात. स्प्रिंगवर झुलणारं हे वजन सेकंदाला किती झोके घेतं, त्यावरून गाडीचा स्वभाव कळतो. साध्या कुटुंबाच्या गाड्या एक ते सव्वाच्या आसपास असतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला दीड ते पावणेदोन मानवतं. दोनच्या वर गेलात की गुळगुळीत ट्रॅक हवा. सेकंदाला १.६ झोके हवे असतील तर चाकापाशी दर मिलिमीटरला सुमारे २५ न्यूटन लागतात. ०.४९ ने भागा, म्हणजे स्प्रिंग ५१ न्यूटनची, साधारण पाच किलोची. माझ्या दहा किलोच्या स्प्रिंगचे झोके सेकंदाला २.२ निघाले. एस्लिंगेनच्या जुन्या गावात दगडी फरसबंदीवरून जाताना दात का वाजत होते, ते त्या रात्री कागदावर दिसलं.

आता शॉकअपचा विरोध कमी-जास्त करायच्या नॉबबद्दल. बत्तीस क्लिक म्हणजे बत्तीस उपयोगी जागा नव्हेत. नॉब काय बदलतो ते विचारा. स्वस्त संचांत एकच नॉब मुख्यतः रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उलगडतानाचा विरोध, बदलतो. बिलस्टाइन कंपनीच्या बी१६ मध्ये एका नॉबने दबतानाचा आणि उलगडतानाचा विरोध एकत्र बदलतो, तर बी१४ मध्ये फक्त उंची बदलता येते. केडब्ल्यू कंपनीच्या व्हेरिएंट १ ला नॉबच नाही, २ ला रिबाउंडचा आहे, ३ ला दोन्ही वेगळे आहेत. ओलिन्स कंपनीच्या रोड अँड ट्रॅकला एकच नॉब आहे. ज्याला फिरवत बसायची हौस नाही त्याने नॉब नसलेला चांगला संच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात निर्मात्याने स्प्रिंग आणि शॉकअप यांची जोडी जुळवून दिलेली असते आणि आपल्याला ती बिघडवता येत नाही.

नॉब असेल तर रिबाउंड कमीच ठेवून सुरुवात करा. तो फार आवळला तर एका खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुरती उलगडायच्या आत पुढचा खड्डा येतो, आणि गाडी हळूहळू खाली बसत जाऊन बंप स्टॉपवर टेकते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग कडक आहे, म्हणून तो मऊ स्प्रिंग शोधायला लागतो. मी फरसबंदीचा एकच दोनशे मीटरचा पट्टा ठरवलाय. एका वेळी दोन क्लिक बदलायचे, त्याच वेगाने परत जायचं, वहीत लिहायचं.

शेवटी मी केडब्ल्यूचा व्हेरिएंट ३ घेतला. एक कारण म्हणजे त्याची नळी स्टेनलेस स्टीलची आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गंजलेल्या आट्यांवरची चाकी दोन वर्षांनी पान्याने हलत नाही, आणि मग उंची बदलता येण्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात. दुसरं म्हणजे वरचे माउंट मूळ रबराचेच ठेवता आले. लोखंडी बॉलचे माउंट रोज खडखडतात आणि झिजले की आणखी. उंची फक्त २० मिमी उतरवली. घेण्याआधी शॉकअप उघडून दुरुस्त कुठे होतो आणि सील मिळतात का, हे मात्र विचारून घ्या.

कॉइलओव्हर हवेतच असंही नाही. उंचीवर समाधानी असाल तर मूळ स्प्रिंग ठेवून बिलस्टाइन बी६ सारखे चांगले शॉकअप बसवा, बरंच काम होतं. पुण्याहून भाच्याने त्याच्या पोलोसाठी विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. 'मावशी, नुसती तीस मिमी खाली घेतो,' म्हणत होता. प्रमाण गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, पण गल्लीतले गतिरोधक किती अरुंद आणि टोकदार असतात ते त्यालाही माहीत आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही.

जर्मनीत कागद संचाइतकाच महत्त्वाचा. संचासोबत टाइलगुटआख्टन हवं, म्हणजे हा भाग या गाडीला, या उंचीपर्यंत, या चाकांसोबत चालतो असा तपासणी अहवाल. बसवल्यावर तो घेऊन ट्युफ किंवा डेक्रा या तपासणी संस्थेकडे जायचं. तपासनीस चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो, गाडी तिरकी चढवून टायर कुठे घासतो का बघतो. चाक लोंबतं ठेवल्यावर स्प्रिंग जागेवरून सुटत नाही ना, हेही बघतो. हे टाळलं तर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवानाच रद्द ठरतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात आखडता घेऊ शकते.

बसवताना एक गोष्ट गॅरेजवाल्याला आवर्जून सांगा. आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना पुरते आवळू नयेत. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेले राहतात, गाडी खरी उंची दाखवत नाही आणि रबर लवकर फाटतं. आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, मग टॉर्क पान्याने आवळा. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तीही सीटवर तुमच्या वजनाइतकी पोती ठेवून. दोन माणसांच्या गाडीत एकट्या ड्रायव्हरमुळे कोपऱ्यांवरचा भार बराच बदलतो. माझं कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, पुढे उणे १.३ अंश, मागे उणे १.६ आहे. हेडलाइटचा रोख शेवटी जुळवून घ्या.

पाचशे किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजा, नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. हिवाळ्याआधी आटे ब्रशने धुऊन त्यांना मेणाचा फवारा मारा. झिप टाय मी काढलेली नाही. बी ५०० वरून आले की चाक काढून बघते. त्याच वळणातून, त्याच ठिगळावरून आल्यावर मागे बंप स्टॉपला अजून ११ मिमी बाकी असतात.