मॉडेल अडखळलं की गिऱ्हाइकाला विचारा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी वाचायचं काम मी एका मॉडेलला, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या एआयला, लावलंय. गिऱ्हाईक लिहितं, "३०-६० चे वीस पाठवा, मागच्यासारखेच." वीस नग का वीस डझन? मॉडेल बिनधास्त एक काहीतरी लिहून मोकळं होतं. पण आत त्याची चलबिचल असते, आणि ती बघता येते.

एपीआयकडून, म्हणजे आपल्या प्रोग्राममधून मॉडेलला विचारायच्या सोयीकडून, उत्तरासोबत लॉगप्रॉब (शक्यतेचा लॉगरिदम) मागून घ्या. सगळ्याच कंपन्या देत नाहीत, देणारं मॉडेल निवडा. प्रत्येक टोकनमागे, म्हणजे मॉडेल लिहितं त्या शब्दामागे किंवा शब्दाच्या तुकड्यामागे, एक उणे आकडा येतो: −०.१०५ म्हणजे ९० टक्के शक्यता, −०.६९ म्हणजे निम्मी. अख्ख्या उत्तराची सरासरी मात्र काढू नका. नाव-गाव, स्वल्पविराम यांवर मॉडेल ठामच असतं, त्या गर्दीत एका शब्दावरची शंका बुडून जाते. मी फक्त साइज, नग आणि रंग हे रकाने बघतो. देवनागरीची आणखी एक भानगड: एकाच शब्दाचे बऱ्याचदा दोन-तीन टोकन होतात. सगळ्यांच्या लॉगप्रॉबची बेरीज करा, पहिल्यावर थांबू नका.

आता दुसऱ्या क्रमांकाचा पर्यायही मागवा. समजा 'डझन' ५५ टक्के आणि 'नग' ४१ निघालं, तर "ऑर्डर समजली नाही" असं धाडू नका. नेमकं तेवढंच विचारा: "अण्णा, वीस नग का वीस डझन?" गिऱ्हाईक एका शब्दात उत्तर देतं.

विचारायचं कधी, ही रेघ स्वतःच्या जुन्या, तपासलेल्या ऑर्डरींवरून ठरवा. मॉडेल ९० टक्के म्हणतं तेव्हा खरंच दहातल्या नऊ बरोबर येतात का, ते मोजा. ओपनएआयच्या जीपीटी-४ मॉडेलच्या २०२३ च्या अहवालातच दिसतं, की मूळ प्रशिक्षणानंतर दिलेल्या जादा प्रशिक्षणाने हा मेळ बिघडतो. आणि रेघ सगळीकडे सारखी नको. रंग चुकला तर माल बदलून देता येतो, नगाऐवजी डझन गेले तर भाडंही अंगावर.

तक्रारीला मोकळं उत्तर लिहायचं असेल, तर लॉगप्रॉब फसवतात, कारण एकच गोष्ट दहा तऱ्हांनी सांगता येते. तिथे तोच प्रश्न चार-पाचदा विचारून उत्तरांचे अर्थावरून गट पाडा. २०२४ साली 'नेचर'मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हीच पद्धत मांडली. अर्थ फाकले, की उत्तर माणसाकडे.

कधी मॉडेल चुकीवरही ठाम असतं, तेव्हा यातलं काहीच कामाला येत नाही. म्हणून साइज कॅटलॉगशी वेगळी जुळवून बघतोच.