ग्राहक न समजता केलेली जाहिरात : छोट्या व्यावसायिकांनी या चुका टाळाव्यात

छोट्या व्यवसायाचा मालक दिवसभर ग्राहकांमध्येच वावरत असतो आणि त्यामुळेच आपल्याला ग्राहक पुरता कळला आहे, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्याच्या ओळखीचा असतो तो पैसे देऊन गेलेला ग्राहक. भाव विचारून निघून गेलेला, दोनदा येऊन तिसऱ्यांदा न फिरकलेला किंवा फोन उचलला गेला नाही म्हणून दुसरीकडे वळलेला माणूस हिशेबाच्या वहीत कुठेच नसतो. जाहिरातीचा खर्च का वाया गेला, याचे उत्तर बहुतेक वेळा या न नोंदलेल्या माणसांकडेच असते.

ग्राहकाला विचारायला हवे हे आता बहुतेकांना पटलेले आहे. चूक होते ती प्रश्नात. ‘आम्ही घरपोच सेवा सुरू केली तर घ्याल का?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो, कारण त्या होकारासाठी त्याला खिशात हात घालावा लागत नाही. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टी विचाराव्यात : मागच्या वेळी हे काम कुणाकडून करून घेतले, त्याआधी आणखी कुठे चौकशी केली, मन कशामुळे मागेपुढे होत होते. १९८५ साली कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाची चव बदलली, तेव्हा त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना ती चाखायला दिली होती आणि नव्या चवीला अधिक पसंतीही मिळाली होती. तरीही ग्राहक इतके संतापले की ७९ दिवसांत जुने पेय परत आणावे लागले. कोणती चव आवडली, हे विचारले गेले होते; जुने पेय कायमचे बंद होणार आहे, ही गोष्ट मात्र चव घेणाऱ्यांपुढे मांडलेली नव्हती. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली, तर दहा ओळखीच्यांना विचारून काढलेल्या निष्कर्षाबद्दल वेगळे सांगायला नको.

दुसरी चूक म्हणजे ग्राहकाचे वर्णन वय आणि उत्पन्न यांवर थांबवणे. ‘३० ते ४५ वयोगटातील नोकरदार’ या वर्णनावरून जाहिरातीचे एक वाक्यही सुचत नाही, कारण तोच माणूस घाईत असताना वेगळा असतो आणि निवांत असताना वेगळा. समजा, एखाद्याचा कपडे अल्टर करून देण्याचा व्यवसाय आहे आणि त्याच्या फलकावर ‘२० वर्षांचा अनुभव, सुबक शिलाई’ असे लिहिले आहे. त्याने आठवडाभर आलेली प्रत्येक चौकशी ग्राहकाच्याच शब्दांत वहीत उतरवली, तर ‘उद्या संध्याकाळपर्यंत होईल का?’, ‘कार्यक्रम परवा आहे, जमेल का?’, ‘थांबलो तर आत्ता करून द्याल?’ अशा ओळी एकाखाली एक दिसू शकतील. अनुभवाविषयी कुणीच विचारलेले नसेल. अशा वेळी ‘सकाळी द्या, संध्याकाळी न्या’ हे वाक्य जुन्या फलकापेक्षा जास्त काम करील. अर्थात तो शब्द पाळता येत असेल तरच. ही वही मला महागड्या सर्वेक्षणापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

विक्री घसरली की लगेच सवलत जाहीर करणे ही तिसरी चूक, आणि खिशाला सर्वांत जड जाणारी. ७० रुपयांना पडलेली वस्तू १०० रुपयांना विकली, तर ३० रुपये सुटतात. १० टक्के सूट दिली की २० रुपयेच उरतात. म्हणजे पूर्वीइतकाच नफा मिळवण्यासाठी विक्री दीडपट व्हावी लागते. जो ग्राहक भावामुळे नव्हे, तर वेळेवर काम न मिळाल्यामुळे गेला, तो या सवलतीने परत येणार नाही. उलट जो पूर्ण भाव देत होता, तो पुढच्या सवलतीची वाट पाहत बसेल.

म्हणून उपाय करण्याआधी गळती नेमकी कुठे आहे, ते शोधावे. चौकशाच येत नसतील, तर आपण योग्य माणसांपर्यंत पोहोचत नाही किंवा जाहिरात त्यांच्या अडचणीविषयी बोलत नाही. चौकशा येतात, पण व्यवहार ठरत नाही, असे असेल तर उत्तर किती वेळाने दिले जाते, भाव स्पष्ट सांगितला जातो का, हे आधी पाहावे; इथे जाहिरात वाढवली तर निराश होऊन परतणाऱ्यांची संख्याच वाढते. पहिली खरेदी होते, पण दुसरी होत नाही, तेव्हा दोष वस्तूत, सेवेत किंवा आपण दिलेल्या आश्वासनात असतो. (काही वस्तू लोक मुळातच वर्षानुवर्षांनी घेतात, तिथे दुसऱ्या खरेदीऐवजी त्यांनी आणखी कुणाला पाठवले का, हे मोजावे.)

ऑनलाइन अभिप्राय वाचावेत, पण ते लिहिणारे बहुधा फार खूश झालेले किंवा फार चिडलेले असतात, हे ध्यानात ठेवून. ‘आमच्याविषयी कुठून कळले?’ या प्रश्नाचे उत्तरही अर्धेच खरे असते. माणसाला शेवटी पाहिलेली गोष्ट आठवते, महिनाभरापूर्वी शेजाऱ्याने सुचवलेले नाव आठवत नाही. त्यामुळे ‘पहिल्यांदा कधी ऐकले?’ आणि ‘आजच का आलात?’ असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. मजकूर, भाव आणि माध्यम एकाच आठवड्यात बदलू नये; एका वेळी एकच बदल करून त्याच वहीत तारीख टाकावी आणि पुढच्या काही आठवड्यांच्या चौकशा त्या तारखेच्या आधीच्या चौकशांशी ताडून पाहाव्यात.