इव्हेंटिंगची पहिली एन्ट्री भरताय? आधी घोड्याचा पासपोर्ट उघडा

थंडी सुरू झाली की आपल्याकडे शोचा सीझन सुरू होतो आणि मग पुण्या-मुंबईतल्या रायडिंग क्लबमधले पालक एकमेकांना विचारत सुटतात, एन्ट्री कशी भरायची, फॉर्म कुठे मिळतो. खरं सांगायचं तर फॉर्म हे एका संध्याकाळचं काम आहे. अडतं ते घोड्याच्या लसीच्या तारखेवर, रक्ताच्या रिपोर्टवर, नाहीतर पासपोर्टमधल्या, म्हणजे घोड्याच्या ओळखीच्या आणि लसींच्या नोंदवहीतल्या वर्णनावर, आणि यातलं काहीही पैसे देऊन आदल्या आठवड्यात उरकता येत नाही. म्हणून शोची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून मागे मोजत या. सहा महिने हाताशी असले तर निवांत होतं.

ज्यांच्या घरात हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: इव्हेंटिंग म्हणजे एकच रायडर आणि एकच घोडा, पण परीक्षा तीन, ड्रेसाज (ठरलेल्या चाली रिंगणात शिस्तीत करून दाखवणं), क्रॉस-कंट्री (मोकळ्या मैदानात अडथळ्यांवरून धाव) आणि शो जंपिंग (रिंगणात दांड्यांवरून उड्या). १९८२ च्या दिल्ली एशियाडमधे रघुबीर सिंगांनी यातच वैयक्तिक गोल्ड घेतलं होतं आणि टीमचं गोल्डही आपलंच, नंतर २०१८ ला जकार्तात फवाद मिर्झाने वैयक्तिक सिल्व्हर आणलं, मग तो टोकियो ऑलिंपिकलाही खेळला. क्रॉस-कंट्रीतले अडथळे पक्के असतात, शो जंपिंगच्या दांड्यासारखे खाली पडत नाहीत, त्यामुळे घोडा तंदुरुस्त आहे का हे या खेळात जास्तच कडक बघतात.

तर पहिलं काम रजिस्ट्रेशनचं. भारतात हा खेळ इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया म्हणजे ईएफआय बघते, ऑफिस दिल्लीत. रीजनल लीग, ज्युनियर नॅशनल, नॅशनल सगळं त्यांच्याच नियमांवर चालतं. रायडरचं वेगळं, घोड्याचं वेगळं, आणि तुम्ही ज्या क्लबतर्फे जाताय तो क्लब संलग्न आहे का हे तिसरं. मागच्या वर्षी केलं होतं म्हणून या वर्षी चालेल असं धरून बसू नका, रिन्यूअल बघा. मुलाचं नाव जन्मदाखल्यावर, आधारवर आणि रजिस्ट्रेशनवर एकाच स्पेलिंगमधे पाहिजे, आडनाव आधी की नाव आधी हा घोळ आत्ताच मिटवा, नंतर स्टार्ट लिस्टवर तो तसाच छापून येतो.

वयाचं गणित वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय फेडरेशन म्हणजे एफईआयच्या नियमात वय वाढदिवसावर नाही तर कॅलेंडर वर्षावर मोजतात. ज्युनियर म्हणजे ज्या वर्षात १४ पूर्ण होणार त्या वर्षाच्या सुरुवातीपासून ज्या वर्षात १८ पूर्ण होणार त्याच्या शेवटापर्यंत, यंग रायडर १६ ते २१. म्हणजे डिसेंबरमधे जन्मलेलं मूल जानेवारीपासूनच मोठ्या गटात जाऊ शकतं, जावं की नाही हे मात्र कोचला विचारा. घोड्याचंही तसंच, उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक घोड्याचा वाढदिवस १ जानेवारी. नॅशनलच्या गटांची आखणी दरवेळी त्या शोच्या शेड्यूलमधून बघा. शेड्यूल हा कंटाळवाणा पीडीएफ असतो पण पूर्ण वाचा, कारण वाद झाला की तिथे लिहिलेलंच अंतिम.

आता घोड्याचे कागद. आपल्याकडे स्पोर्टसाठी वापरले जाणारे बरेच घोडे रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. अशा घोड्याची नोंद पुण्याच्याच रेसकोर्सवरच्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते, आईबाप, जन्मतारीख, सगळं मिळतं, त्यामुळे विकत घेताना मूळ कागद हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला मारवाडी किंवा काठियावाडी असला तर बहुतेक वेळा जन्माचा कागदच नसतो, दातांवरून वय सांगितलेलं असतं, मग ओळखीपासून सगळं नव्याने करावं लागतं. घोडा वाईट असतो असं नाही हां, पण वेळ धरा.

पासपोर्टमधे घोड्याचं रेखाचित्र असतं, त्यात पांढऱ्या खुणा लाल रंगाने आणि भोवरे काळ्या फुलीने दाखवतात. बाजारात भोवरा शुभ की अशुभ यावर भाव ठरतो, इथे तो फक्त ओळखीचा. चित्र आणि घोडा शेजारी उभे करून स्वतः ताडून बघा, मागचा डावा पाय पांढरा आणि चित्रात उजवा रंगवलाय असलं काही निघालं तर ते शोच्या गेटवर नको, घरीच निघू द्या. मायक्रोचिप मानेच्या डाव्या बाजूला असते, पुढच्या वेळी डॉक्टर तबेल्यात आले की स्कॅनरने नंबर वाचून पासपोर्टमधल्या नंबराशी जुळवा. एफईआयकडे २०१३ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या घोड्यांना चिप सक्तीची आहे. घोडा क्लबचा किंवा लीजवरचा असेल तर मालकाची लेखी परवानगी फाईलला लावा, तोंडी होकारावर इतका खर्च करू नये.

लसीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त एन्ट्र्या इथे अडकतात. विषय इक्वाइन इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे घोड्यांच्या फ्लूचा. एफईआयच्या पद्धतीने पहिल्या डोसनंतर दुसरा २१ ते ९२ दिवसांच्या आत. समजा पहिला १ जूनला दिला तर दुसरा २२ जून ते १ सप्टेंबरच्या मधे कधीही, २ सप्टेंबरला दिला की प्राथमिक कोर्स पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर पहिला बूस्टर साधारण सहा महिन्यांनी, पुढे वर्षाच्या आत बूस्टर चालू ठेवायचे, पण स्पर्धेला जाणाऱ्या घोड्याला वर्षाचा हिशोब पुरत नाही, शोच्या ठिकाणी पोचायच्या दिवसापासून मागे सहा महिने आणि २१ दिवसांच्या आत शेवटची लस पाहिजे. आणि पोचायच्या आधीच्या सात दिवसांत लस चालत नाही. म्हणजे उशीर झाला म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतली तर उलट त्याच कारणावर थांबवतील.

दुसरं म्हणजे नोंद. लस दिली एवढं पुरत नाही, पासपोर्टच्या पानावर तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर, डॉक्टरची सही आणि शिक्का असा पूर्ण पुरावा पाहिजे. बाटलीवरचा स्टिकर तिथे लावून घ्या. ग्रूम किंवा मोतद्दार मनापासून काळजी घेत असतात, पण हे पान त्यांच्या भरवशावर ठेवू नका, डॉक्टर निघायच्या आत तुम्ही स्वतः वाचा आणि फोनमधे फोटो काढा. धनुर्वाताची लस नियमासाठी नसली तरी घोड्यालाही द्या आणि रायडरलाही, तबेल्यात खिळे, नाल आणि शेण सगळं एकत्रच असतं.

मग रक्त. ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमिया या घोड्यांच्या दोन्ही संसर्गजन्य रोगांचे निगेटिव्ह रिपोर्ट आपल्याकडचे आयोजक साधारणपणे मागतात आणि मागायलाच पाहिजेत. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो सरकारला कळवावाच लागतो, घोडा पक्का पॉझिटिव्ह निघाला तर इलाज नसतो, त्याला दयामरण देतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण म्हणूनच शेजारच्या स्टॉलमधल्या घोड्याचाही रिपोर्ट असायला हवा असं आपल्याला वाटलं पाहिजे. पक्का निकाल देणारी संस्था हिसारची राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही, आणि आपला नमुना कुठल्या लॅबमधून कसा जातो ते जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्यात विचारा. रिपोर्ट किती दिवसांपूर्वीचा चालेल हे शेड्यूलमधे असतं, फार लवकर काढला तर मुदत संपते, फार उशिरा काढला तर येतच नाही, त्यामुळे नमुना पाठवायची तारीख त्यावरून ठरवा. रिपोर्टवर चिप नंबर लिहून घ्या, नुसतं 'कुमैत घोडी' म्हणजे तांबूस रंगाची घोडी एवढंच लिहिलेला रिपोर्ट कुणाचाही असू शकतो. अजून एक, तुमच्या भागात ग्लँडर्सची केस निघाली तर आसपासच्या घोड्यांची ने-आण बंद होते, तुमचा घोडा ठणठणीत असला तरी. तेव्हा निघण्याआधी एक फोन करा. रस्त्याने नेताना घोडा प्रवासाला फिट आहे असं पशुवैद्यकाचं सर्टिफिकेटही गाडीत पाहिजे, जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमात ते आहे.

कुठल्या लेव्हलला एन्ट्री करायची यात हौस बाजूला ठेवा. एफईआयच्या स्पर्धांमधे वरच्या लेव्हलला जायला खालचे पात्रता निकाल लागतात, आणि असा निकाल म्हणजे ड्रेसाजमधे किमान ५५ टक्के, क्रॉस-कंट्रीत अडथळ्यांवर शून्य पेनल्टी आणि ठरलेल्या वेळेपेक्षा ७५ सेकंदांहून जास्त उशीर नाही, शो जंपिंगमधे जास्तीत जास्त १६ पेनल्टी म्हणजे चार दांड्या. काही ठिकाणी हा निकाल त्याच घोड्यावरचा लागतो, काही ठिकाणी रायडरचा आणि घोड्याचा वेगवेगळा चालतो. फाइव्ह स्टारला, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलला, तर रायडर १८ चा आणि घोडा किमान ८ वर्षांचा. आपल्याला सध्या तिथे जायचं नाहीये, पण नॅशनलच्या छोट्या क्लासलाही हाच विचार लावा, घरच्या सरावात तीन वेळा थांबणारा घोडा तिथे जाऊन सुधारत नाही.

एन्ट्री भरताना क्लोजिंग डेट बघा, स्टॉल किती, ग्रूमची राहायची सोय, चारा आपला की त्यांचा हे विचारून घ्या. पैसे भरल्याची पावती जपून ठेवा, आणि घोडा लंगडला तर मुदतीच्या आत लेखी कळवा, फी परत मिळो न मिळो.

घोड्याचं टेंपरेचर निघायच्या आधी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घेऊन वहीत लिहा. २०२१ मधे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या शोमधे घोड्यांच्या हर्पीस विषाणूची साथ आली, घोडे गेले, तेव्हापासून एफईआयने हे सक्तीचं केलं आणि ती माहिती त्यांच्या अॅपमधे भरावी लागते. ३८.५ अंश सेल्सियस आणि त्याच्या वर गेलं की डॉक्टर. नॅशनलला अॅप नसलं तरी वही ठेवा, थर्मामीटर काही महाग नाही. पोचल्यावर पासपोर्ट आणि चिप तपासतात, मग हॉर्स इन्स्पेक्शन, म्हणजे पंचांसमोर घोडा हातात धरून दुडकीने पळवायचा. लगाम सैल ठेवा, मान आवळून धरली की सरळ चालणारा घोडाही वाकडा दिसतो. याचा सराव घरी करा, बहुतेक मुलं करत नाहीत. नालबंदाला मात्र आदल्या दिवशी बोलावू नका, नवीन नालेत खिळा जरा जवळ बसला तरी दुडकीत लगेच दिसतं, आठवडाभर आधी उरकून टाका.

औषधांचा भाग लोक हसण्यावारी नेतात. स्पर्धेत घोड्याचीही डोपिंग तपासणी होऊ शकते, आणि ब्यूट म्हणजे फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक एफईआयच्या यादीप्रमाणे तपासणीत सात दिवस सापडतं, फ्लुनिक्सिन हे दुसरं वेदनाशामक सहा दिवस. पण गोळ्या-इंजेक्शनं लक्षात तरी राहतात, घोळ होतो खाण्यात. उरलेला चहा बादलीत ओतणं, चॉकलेट, खसखस घातलेले लाडू, कुठलंसं चूर्ण ज्याच्या डब्यावर घटकच लिहिलेले नाहीत. चहात कॅफिन, चॉकलेटमधे थिओब्रोमिन, खसखशीतून मॉर्फिन. ग्रूमला, काकांना, भेटायला आलेल्या आजोबांना सगळ्यांना सांगून ठेवा की घोड्याला गाजर द्या, बाकी काही नको. दिलेलं प्रत्येक औषध तारीख आणि वेळेसकट लिहा. रायडरलाही अँटी-डोपिंग लागू आहेच, सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरला विचारून.

रायडरच्या बाजूने हेल्मेट शोच्या आवारात घोड्यावर असाल तेव्हा कायम, क्रॉस-कंट्रीला बॉडी प्रोटेक्टर सक्तीचा, एअर व्हेस्ट घालायची असेल तर ती त्याच्यावर, त्याच्याऐवजी नाही. दंडावर मेडिकल कार्ड बांधा, रक्तगट, अॅलर्जी, घरचा नंबर. पडलात तर डॉक्टरने बघितल्याशिवाय दुसऱ्या घोड्यावर बसायचं नाही, 'काही झालं नाही' हे मुलाचं म्हणणं धरू नका. एकदा आपटलेलं हेल्मेट बदला, कितीही महाग असलं तरी.

बाहेर जायचं असेल तर एफईआय रजिस्ट्रेशन आणि एन्ट्री ईएफआयमार्फतच होते, स्वतः भरता येत नाही. भारतातून घोडा युरोपात नेणं क्वारंटाइनमुळे फार अवघड, म्हणून आपले टॉपचे रायडर तिकडेच घोडा ठेवून तयारी करतात. २०२५ मधे मेरठच्या आर्मीच्या आरव्हीसी (रिमाउंट व्हेटर्नरी कोर) सेंटरला घोड्यांसाठीचं रोगमुक्त कंपार्टमेंट म्हणजे वेगळं राखलेलं ठिकाण म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, त्यातून पुढे रस्ता मोकळा होऊ शकतो. आणि अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी, तिकडे यूएसईएफ म्हणजे अमेरिकन इक्वेस्ट्रियन फेडरेशनच्या शोला इन्फ्लुएन्झा आणि हर्पीस दोन्ही लसी सहा महिन्यांच्या आतल्या लागतात, राज्य ओलांडताना कॉगिन्स टेस्टचा (इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमियाची रक्ततपासणी) कागदही बरोबर ठेवा, आणि मुलाचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर भारताच्या टीममधून खेळता येणार नाही हे त्याला आधीच सांगा.