सोलापूरच्या उन्हात ऑइल प्रेशरचा काटा: या चुका टाळा

लहान विमानाच्या इंजिनात ऑइल प्रेशर कमी दिसले की अनेकांचा हात सर्वांत आधी प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हकडे जातो, आणि या कामातील सर्वांत महागडी चूक हीच आहे. लायकमिंग या कंपनीच्या चार सिलिंडरच्या इंजिनांत हा व्हॉल्व्ह प्रेशरची वरची मर्यादा ठरवतो. पंपाने गरजेपेक्षा जास्त ऑइल ढकलले की त्याची स्प्रिंग दबते आणि जादा ऑइल संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भागात) परत जाते. गरम इंजिन आयडलवर (सर्वांत कमी वेगावर) असताना पंपाचा पुरवठाच कमी असतो, त्यामुळे निरोगी व्हॉल्व्ह त्या वेळी बंद असतो आणि स्क्रू कितीही आवळला किंवा स्प्रिंगखाली वॉशर वाढवले तरी आयडलचे प्रेशर सुधारत नाही. क्रूझमध्ये (एकसमान वेगाने सरळ उडताना) काटा हिरव्या, म्हणजे सुरक्षित पट्ट्यात येतो खरा, पण प्रेशर कमी करणारी बेअरिंगची झीज तशीच राहते, शिवाय आता ती दिसेनाशी होते. व्हॉल्व्ह उघडायचाच असेल तर तो साफ करण्यासाठी उघडावा: बॉल आणि सीट यांच्यामध्ये कार्बनचा किंवा धातूचा कण अडकला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि प्रेशर आयडलपासून क्रूझपर्यंत सगळीकडे घसरते किंवा हेलकावे खाते. हे काम अर्थातच परवानाधारक अभियंत्याचे आहे आणि त्याची नोंद लॉगबुकात झालीच पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे प्रेशरचा आकडा एकटाच वाचणे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. होटगी रस्त्यावरील विमानतळावर दुपारी उन्हात उभे राहिलेले आणि नंतर बराच वेळ टॅक्सी करणारे (जमिनीवर चाकांवर चालणारे) विमान पातळ झालेल्या ऑइलवर चालत असते. लायकमिंग ओ-३२० इंजिनासाठी सामान्य प्रेशर ५५ ते ९५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि आयडलला किमान २५ पीएसआय असते, तर ऑइलच्या तापमानाची कमाल मर्यादा २४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ११८ अंश सेल्सिअस असते. (आपल्या विमानाचे आकडे त्याच्याच हँडबुकातून घ्यावेत.) ८० अंश सेल्सिअसला ६० पीएसआय आणि ११० अंश सेल्सिअसला ६० पीएसआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून प्रेशर, ऑइलचे तापमान आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हे तिन्ही आकडे एकाच ओळीत लिहावेत, नुसते ‘प्रेशर लो’ अशी नोंद अभियंत्याच्या काहीच उपयोगाची नसते.

तापमान जास्त असेल तर पंपावर संशय घेण्याआधी ऑइल कूलरच्या पंखांमध्ये साचलेली धूळ, फाटलेले बॅफल सील (थंड हवा इंजिनाकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या रबरी कडा) आणि कूलरकडे ऑइल वळवणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह तपासावा. ऑइलचा ग्रेडही पाहावा. सिंगल ग्रेड ऑइल वापरत असाल तर बाहेरचे तापमान २७ अंश सेल्सिअसच्या वर असताना लायकमिंग एसएई ६० सुचवते, आणि हेच ऑइल विमानाच्या डब्यावर ‘१२०’ या आकड्याने मिळते. हिवाळ्यात भरलेले ‘८०’ ग्रेडचे ऑइल मे महिन्यापर्यंत तसेच चालवणे म्हणजे कमी प्रेशरला आमंत्रणच आहे.

गेजच खोटे बोलत आहे असे आधीच गृहीत धरू नये, पण ते कधीच चुकत नाही असेही मानू नये. काटा क्षणात शून्यावर किंवा टोकाला गेला तर विद्युत सेंडरच्या (प्रेशर मोजून गेजला संकेत पाठवणाऱ्या भागाच्या) जोडणीतील किंवा अर्थिंगमधील दोष जास्त संभवतो. हळूहळू घसरणारे प्रेशर मात्र बहुधा खरे असते. निर्णय कॅलिब्रेट केलेले यांत्रिक गेज थेट इंजिनाला जोडूनच घ्यावा. काटा थरथरत असेल तर आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजणारी पट्टी) पाहावी, कारण पातळी फार खाली गेली की पंप हवा ओढतो. सेसना १७२एसमध्ये संपची क्षमता ८ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे सुमारे ०.९५ लिटर) असते आणि ५ क्वार्टच्या खाली उड्डाण करू नये, असे हँडबुक सांगते.

इंजिन सुरू केल्यानंतर ३० सेकंदांत प्रेशर आले नाही तर ते बंद करावे. ‘पुन्हा एकदा पाहू’ म्हणून स्टार्टर फिरवत राहणे म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन चालवणे होय. प्रेशर खरेच कमी आहे हे सिद्ध झाले की फिल्टर कापून त्याचा कागद पसरावा, संपचा स्क्रीन काढावा आणि सापडलेल्या कणांवर चुंबक फिरवावे. मात्र ॲल्युमिनियम आणि ब्राँझ चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे चुंबक स्वच्छ निघाले म्हणून निश्चिंत होऊ नये.

हवेत असताना प्रेशर कमी आणि तापमान स्थिर असेल तर गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बिघडला असण्याची शक्यता असते. तरीही सोलापूर, धाराशिव, कलबुर्गी यांपैकी जी धावपट्टी सर्वांत जवळ असेल ती गाठावी, मुक्कामाच्या गावापर्यंत रेटू नये. प्रेशर पूर्ण जाऊन तापमान चढू लागले तर इंजिन कोणत्याही क्षणी बंद पडू शकते असे समजून ताबडतोब पॉवर कमी करावी आणि उतरण्याजोगे मोकळे शेत निवडावे.