कन्सोल घेताना आधी डिस्कची फट बघा

गेम खेळायचा कन्सोल घ्यायचा म्हटलं की लोक ग्राफिक्सचं विचारतात. मी सांगते, आधी डिस्कची फट आहे का ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसला ती नाहीच. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) फट असलेला आणि नसलेला (डिजिटल) अशा दोन्ही प्रकारांत मिळतो, आणि २०२३च्या सडपातळ डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो. डिस्कवरचा गेम संपला की विकता येतो, मैत्रिणीला देता येतो. डिजिटल गेम खात्यातच अडकतो आणि भाव एकच दुकान ठरवतं. खरी स्पर्धा तिथेच मरते, असं माझं ठाम मत आहे.

जुनी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे बहुधा चालतात. गोलाकार, नखाला लागणारा चरा दिसला तर परत द्या. मी एकदा घाईत न बघता घेतली, इन्स्टॉल अर्ध्यावरच थांबलं. दुकानदाराने हात वर केले.

'फक्त याच कन्सोलवर' या जाहिरातीवर विसंबू नका. मायक्रोसॉफ्टचा २०२१चा 'फोर्झा होरायझन ५' हा कार रेसिंगचा गेम एप्रिल २०२५मध्ये पीएस५वर आला. निन्टेन्डो मात्र आपला मारिओ गेम दुसऱ्याच्या कन्सोलवर देत नाही. मुलांना तोच हवा असेल तर निन्टेन्डोचा स्विच कन्सोलच घ्या, पण वॉरंटी कोण देणार हे बिल करण्याआधी विचारा.